तात्पुरता बोल्ट

“काका, गाडी ओरिजिनल आहे ना?”

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी हल्ली आधी खाली बसवतो. अरे बाबा, गाडी पस्तीस वर्षांची. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली. तीन मालकांनी पिळलेली, सतरा मिस्त्रींनी तिच्यावर हात साफ केलेले. तिच्यात ओरिजिनल काय राहणार? माझ्या तोंडातले सात दात ओरिजिनल नाहीत, आणि मला तर एकच मालकीण आहे. एवढं ऐकून समोरचा हसतो, मोबाइल पुढे करतो आणि पुन्हा विचारतो, “पण टाकी तरी ओरिजिनल आहे ना?”

मी सदानंद. लालबाग-परळ पट्ट्यात लोक मला सदा मिस्त्री म्हणतात. शंभर सीसीची जपानी टू-स्ट्रोक, म्हणजे जिला सगळी दुनिया आरएक्स म्हणते, तिची कामं मी अडतीस वर्षं केली. चाळीच्या तळमजल्यावर माझा गाळा होता. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं आणि गाळा गेला. गाळ्यातलं सामान मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून वर आणलं. असे सहा डबे पलंगाखाली आहेत. बायको रोज केर काढताना झाडू त्यांच्यावर आपटते आणि विचारते, “ह्या भंगार कित्याक साठवन ठेवलात? माझ्या उरावर ठेवक?” 

ज्यांना या गाड्यांतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजच्या मोटारसायकलींच्या इंजिनात खाली ऑइल साठलेलं असतं, ते आतल्या आत फिरत राहतं आणि काही महिन्यांनी बदलतात. टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिच्या पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणून तिला निळसर धूर येतो आणि म्हणून तो वास येतो, ज्या वासाला पन्नाशीतले भले गृहस्थ रस्त्यात थांबून डोळे मिटून घेतात. आरएक्सला या ऑइलची वेगळी टाकी असते आणि एक छोटा पंप असतो. तो पंप बारीक नळीतून मोजून मोजून ऑइल इंजिनात सोडतो. पंप मेला आणि चालवणाऱ्याला कळलं नाही, तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी तिथेच राहून माणूस पुढे जातो. आमच्या भाषेत गाडी जाम झाली. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण आता या गाड्यांचं असं काही खूळ निघालंय की जुनी आरएक्स घ्यायची म्हटली की कुणीतरी माझा नंबर देतोच. ‘काका, फक्त बघायला चला.’ मी जातो. माझा पहिला नियम सोपा आहे. गाडीपाशी गेलो की काही न बोलता इंजिनावर तळहात ठेवायचा. इंजिन कोमट लागलं तर विकणाऱ्याने आपण येण्याआधी ती चालू करून ठेवलेली असते. थंड गाडी कशी सुरू होते हे त्याला दाखवायचं नसतं. मग चहासुद्धा न घेता परत फिरायचं.

अनिकेत असाच माझ्या मागे लागला. वय एकतीस, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम, राहणार परळला, ज्या गिरणीत माझे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले त्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये. ही गाडी निघायची बंद झाली तेव्हा हा दुधाच्या बाटलीवर होता, तरी याला तिची आठवण येते. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण कशी येते, देव जाणे. मुलगा वाईट नाही. पण सकाळी उठल्यापासून जाहिराती पाठवायचा. ‘मिंट कंडिशन.’ ‘सिंगल ओनर.’ ‘फक्त रविवारी वापरलेली.’ रविवारी वापरलेल्या जितक्या गाड्या मी पाहिल्यात, तितके रविवार या शहरात आलेच नसतील.

अँटॉप हिलला एक पाहिली. म्हणे डॉक्टर बाईंची होती. इंजिनावर हात ठेवला तर चपाती भाजता आली असती. “उन्हात उभी होती ना,” विकणारा म्हणाला. गाडी तीन मजल्यांच्या खाली, पार्किंगच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभी होती. भायखळ्याला दुसरी पाहिली, आरशासारखी चकचकीत, नवे स्टिकर, नवा रंग. अनिकेत तर तिच्याभोवती फेऱ्याच मारायला लागला. मी बॅटरी मारून इंजिनावरचा नंबर पाहिला. त्या जागी ग्राइंडर फिरवून नवे आकडे ठोकलेले होते. “चल,” मी म्हटलं. “काका, पण साउंड बघा ना काय आहे!” “साउंड पोलीस चौकीत ऐकशील.” घरी येईपर्यंत पोरगा माझ्याशी बोलला नाही.

अशा सहा झाल्या. सातवी वरळी कोळीवाड्यात होती.

विकणाऱ्या होत्या जयवंताबाई, साठीच्या, दादरच्या मंडईत मासळी विकणाऱ्या. त्यांचे यजमान हरेश्वर चार वर्षांपूर्वी वारले, गाडी त्यांची. घराला लागून पडवी होती, तिथे जाळ्यांच्या ढिगाशेजारी गाडी प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेली. मी हात ठेवला. इंजिन थंडगार. काळ्या टाकीवरच्या पट्ट्या उन्हाने विटलेल्या, पण मूळच्या. नट-बोल्टची डोकी कुणी पान्याने चावलेली नाहीत. नंबर जसेच्या तसे. माझं मन सहसा भरत नाही, पण त्या दिवशी भरलं. अनिकेत माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली. त्याने तिथल्या तिथे मूठ आवळून उडी मारली.

“थांब रं पोरा, चालू कराच्या आदी आईल घालू दे,” जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी पेट्रोलची बाटली आणली, खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं, आणि टोपणाने मोजून ऑइल पेट्रोलमध्ये ओतायला लागल्या.

“ताई, पेट्रोलमध्ये कशाला? ऑइलची टाकी वेगळी आहे की.”

“ती नुसती नावाला हाय. तिच्यात नाय टाकाचा. पेट्रोलमंदीच, लिटरला दोन टोपना. आमचे मालक सांगून गेलेत.”

मी बाजूचं झाकण उघडलं. ऑइलची टाकी कोरडी ठणठणीत, आत कोळ्याने घर केलेलं. पंपाकडून इंजिनाकडे जाणारी नळी कापली होती आणि तिच्या तोंडात एक छोटा बोल्ट खुपसून वरून तांब्याची तार पिळली होती. माझं डोकंच फिरलं. पंप बिघडला, बदलायचा कंटाळा आला, की असली कामं करणारे मिस्त्री या शहरात पैशाला पासरी मिळायचे. नळी बंद करायची, गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘पेट्रोलमध्ये ऑइल घाला’, आणि हात झटकायचे. मी गाळ्यात अशा लोकांना उभं केलं नाही.

“बघितलंस?” मी अनिकेतला म्हटलं. “या गाड्या कुणी मारल्या ते बघून घे. उद्या कुणी परका माणूस साधं पेट्रोल भरून निघाला असता तर भर रस्त्यात गाडी जाम होऊन मेला असता. कुठल्या गाढवाचं काम आहे हे?”

“लालबागचा कोन तो सदा मिस्त्री,” जयवंताबाई म्हणाल्या. “मोठा नावाजलेला होता बोलं.”

अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं. 

मी परत वाकलो. तार उलट्या बाजूने पिळलेली होती. मी डावखुरा आहे.

मग हळूहळू सगळं आठवलं. नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. दुसऱ्या दिवशी नारळ सोडायचा, मग होड्या निघणार, मासळीचा हंगाम सुरू. दुपारी एक उंच, सावळा कोळी गाडी ढकलत ढकलत गाळ्यात आला. पंप मेला होता. बाजारात पंप नव्हता, यायला तीन आठवडे लागणार होते. तो म्हणाला, “मिस्त्री, पहाटे धक्क्यावर पोचाचा हाय, काय पन करा.” मी बोल्ट मारला. म्हटलं, हे तात्पुरतं आहे, पंप आला की बोलावतो. त्याने दोन्ही हात जोडले आणि गेला. गाडी चालली, म्हणून तो परत आला नाही. गाडी चालतेय, म्हणून मीही बोलावलं नाही. आमच्या धंद्यात तात्पुरतं हा शब्द फार आयुष्याचा असतो. या तात्पुरत्याला पंचवीस वर्षं झाली होती.

“या आईलपायी तर यांनी पोराला कवा चावी दिली नाय,” जयवंताबाई सांगत होत्या.

“कुणाला?”

“आमचे निलेशला. अठरा वर्साचा झाला तवा मागितली. हे बोल्ले, नाय, माझी गाडी हाय. दर वर्साला मागितली, दर वर्साला नाय. सगल्यांची पोरं बापाच्या गाड्या फिरवायची. हा बोल्ला, बापाला माझ्यावर भरवसा नाय. लगीन झाल्यावर ऐरोलीला गेला. बापाच्या तेराव्याला जेवला न् गेला. या गाडीकडं बघला पन नाय.”

“पण ऑइलचं कारण सांगितलं नाही त्याला?”

“त्यांनी? मना पन आजारपनात सांगितला. पोरगा टोपन टाकाया इसरेल, गाडी जाम होल, पडंल, हाच भ्याव. तोंडातून मात्र ‘माझी गाडी’ येवढाच. मी सांगाया गेले तर पोरगा गाडीचा नाव काढू देत नाय.”

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. आणि त्याहून वाईट म्हणजे मी तेव्हा काही बोललो नाही. सदा मिस्त्री तो मीच, हे चार शब्द जिभेवर आले आणि मी ते गिळले. म्हटलं, “ताई, विकायच्या आधी पंप बसवून देतो. रविवारी येतो.” त्या म्हणाल्या, रविवारी बरं पडेल, कागदावर वारस म्हणून निलेशचीही सही लागते, तो त्या दिवशी यायचाच आहे.

बाहेर आल्यावर अनिकेत म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलं नाही त्यांना.”

“तू तुझ्या टाकीच्या पट्ट्या बघ,” मी त्याच्यावर खेकसलो. त्याचा काही दोष नव्हता.

घरी येऊन पलंगाखालचे डबे ओढले. बायको दारात उभी राहिली, म्हणाली, “आज बाहेर काढतास? भंगारवाल्याक बोलवू?” चौथ्या डब्यात तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंप सापडला. नवा. न वापरलेला. म्हणजे तो आला होता. गणपतीत आला असणार. त्या दहा दिवसांत लालबागला गिऱ्हाईक गाळ्यापर्यंत पोचू शकत नाही, रांगेतले लोकच दुकानाच्या पायरीवर बसलेले असतात. आलेलं सामान डब्यात टाकायचं आणि नंतर बघू म्हणायचं. पंपाला माझ्याच अक्षरात चिठ्ठी बांधलेली होती, ‘हरेश्वर, वरळी. बोलावणे.’

बायकोने चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर सरकवून वाचली आणि विचारलं, “मगे? बोलावलात?”

मी त्या दिवशी जेवलो नाही.

रविवारी आम्ही परत गेलो. अनिकेतच्या पिशवीत फॉर्म, झेरॉक्स, तीन पेनं. निलेश आला होता, चाळिशीचा, बापासारखाच उंच. गाडीपासून दहा हात लांब, भिंतीला टेकून मोबाइल बघत उभा. त्याला सही करायची होती आणि निघायचं होतं. मी कामाला लागलो. पंपाच्या रबरी सीलचे इतक्या वर्षांत दगड झाले होते, ते बदलले. नळी नवी घातली. पंपातली हवा काढायला वेळ लागतो, ऑइलमधला शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत वाट बघावी लागते. ती वाट बघताना मला कळलं की आता नाही बोललो तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

“निलेश, जरा बॅटरी धर रे.”

तो नाइलाजाने आला. मी जुना बोल्ट तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरला.

“हा बोल्ट मी मारला. सदा मिस्त्री तो मीच.”

जयवंताबाई आत तांदूळ निवडत होत्या, त्या सूप घेऊन तशाच बाहेर आल्या. “तूच काय तो?” म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

मी सगळं सांगितलं. पंप, पौर्णिमा, चिठ्ठी. सांगितलं की या बोल्टमुळे ही गाडी फक्त एका माणसाला चालवता येण्यासारखी झाली होती, ज्याला दर वेळी दोन टोपणं आठवतील त्याला. “तुझा बाप एवढ्या वर्षांत एकदाही विसरला नाही, म्हणून इंजिन अजून असं आहे. तू एकदा विसरला असतास तर मेला असतास. चावी त्याने तुला नाकारली नव्हती. या बोल्टमुळे दिली नव्हती.”

निलेशने बॅटरीचा झोत बोल्टवर धरला. मग म्हणाला, “एक फोन केला असता तर, मिस्त्री?”

“त्यांच्याकडे फोन नव्हता,” मी म्हटलं. ते खरं होतं आणि ते उत्तर नव्हतं. म्हणून पुढे म्हटलं, “यायला हवं होतं मी. लालबागहून इथे वीस मिनिटं लागतात. नाही आलो. चुकलं माझं.”

“मी त्यांच्याशी सात वर्षं बोललो नाही,” तो म्हणाला. माझ्या हातातला बोल्ट त्याने उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग अचानक म्हणाला, “चावी कुठाय?”

जयवंताबाईंच्या कमरेलाच होती. त्याने गाडी पडवीतून बाहेर काढली. पहिली किक उलटी येऊन नडगीवर बसली. “हळू रं,” आई म्हणाली. दुसरी फुकट गेली. तिसऱ्या किकेला गाडी लागली. ठण ठण ठण, मागे निळा धूर, शेजारची कोंबडी ओरडत पळाली. चाळिशीचा तो माणूस एकदा डगमगला, सावरला आणि वरळीच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत शिरला. आवाज लांब गेला, वळला, परत यायला लागला. जयवंताबाई उभ्या राहून ऐकत होत्या.

“बापासारखाच गिअर टाकतो,” त्या म्हणाल्या. मग सूप घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

अनिकेत फॉर्म हातात धरून माझ्या कानाशी लागला. “काका, सही राहिली.”

“राहू दे.”

“पण काका, सात गाड्या बघितल्या! ही एकच तुम्ही पास केली होती!”

“राहू दे म्हटलं ना.”

पोराने पेनं पिशवीत टाकली. परतताना म्हणाला, “जाऊ दे, काका. साउंड मात्र काय होता!” त्याला अजून गाडी मिळालेली नाही. परवाच त्याने माटुंग्याच्या एका गाडीचा फोटो पाठवला, ‘फक्त देवळात जायला वापरलेली’. 

निलेश आता दर रविवारी ऐरोलीहून वरळीला येतो, आईकडे जेवतो आणि गाडी फिरवतो. महिन्यातून एकदा ती घेऊन आमच्या टॉवरखाली उभा राहतो. मी प्लॅस्टिकचं स्टूल आणि ब्रश घेऊन खाली उतरतो. सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून धुराबद्दल ओरडतात. मी ठिणगी पाडणारा प्लग काढतो, तो काळाकुट्ट, ऑइलने बरबटलेला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी चिडलोच. “अरे, पंप बसवलाय ना? मग पेट्रोलमध्ये ऑइल कशाला घालतोस? दोन्हीकडून ऑइल गेलं की प्लग मरणारच.”

“मी नाही घालत,” तो म्हणाला. “आई घालते. दोन टोपणं. ऐकतच नाही.”

म्हातारं माणूस, सवय जात नाही, म्हणून मी सोडून दिलं. गेल्या महिन्यात दादरच्या मंडईत बांगडे घ्यायला गेलो होतो. जयवंताबाई दिसल्या. म्हटलं, ताई, आता ते ऑइल घालणं बंद करा, गाडीला त्रास होतो.

“मी?” त्या म्हणाल्या. कोयत्याचा हात थांबला. “मी त्या बाटलीला हात पन लावला नाय रं. तोच घालतो. बापाचा टोपन त्याच्या खिशात असता.”

मी बांगडे घेऊन घरी आलो. निलेशला यातलं काही बोललो नाही. तो महिन्याच्या महिन्याला येतो, मी प्लग साफ करतो आणि त्याला दम देतो, “आईला सांग, आता पंप चालू आहे म्हणून.”

“सांगतो,” तो म्हणतो.